पहिला प्रश्न कोणाचा? : तीव्र मानसिक अवस्थेच्या वाचनाचा भारतीय इतिहास

१

साहित्याच्या अभ्यासकाने वैद्यकाच्या इतिहासात, त्यातही रुग्णालयाच्या अपघात विभागात डोकावण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न प्रस्तुत ग्रंथाच्या वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आरंभीच द्यावयास हवे. अस्थिभंग झालेला किंवा सर्पदंश झालेला रुग्ण रुग्णालयात येतो तेव्हा आजाराची खूण त्याच्या शरीरावर दिसते. तीव्र मानसिक अवस्थेत आणल्या गेलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र डॉक्टरासमोर सर्वप्रथम येतात ती कथने. रुग्णाचे तुटक बोलणे हे एक कथन. सोबतच्या नातलगांनी सांगितलेली हकिगत हे दुसरे. आणि पुष्कळदा पोलिसाने लिहून आणलेला कागद हे तिसरे. ही तिन्ही कथने क्वचितच परस्परांशी जुळतात. त्यांचा मेळ घालून, नाडी, ताप आणि श्वास पाहून, काही मिनिटांत निर्णय करावा लागतो. हा माणूस स्वतःला इजा करील काय? दुसऱ्याला करील काय? आणि मुळात हा मनाचा विकार आहे, की शरीरातील एखादा जीवघेणा बिघाड मनाच्या भाषेत बोलतो आहे?

ही कृती एका अर्थी वाचनाचीच कृती होय. फरक इतकाच, की काव्याचे चुकीचे वाचन फार तर वादाला कारण होते आणि येथील चुकीचे वाचन जिवावर बेतते.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे मांडता येईल. भारतात तीव्र मानसिक अवस्थेच्या हाताळणीचा इतिहास हा औषधांचा किंवा इमारतींचा इतिहास आहेच. परंतु त्याहीपेक्षा तो 'पहिला प्रश्न कोणी विचारावा आणि कोणता विचारावा' याचा इतिहास आहे. सुमारे शतकभर हा प्रश्न दरोग्याने विचारला, आणि तो 'हा धोकादायक आहे काय?' असा होता. सर्वसाधारण रुग्णालयाचे दार उघडल्यावर तो प्रश्न हळूहळू 'हे कधीपासून आणि कशामुळे?' असा झाला. हे स्थित्यंतर अद्याप पूर्ण झालेले नाही. आणि ते जेथे अडते तेथे पुष्कळदा भाषाच आडवी आलेली असते.

२

वसाहतपूर्व परंपरेत या अवस्थांचे निरीक्षण नव्हते असे मानण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या निदानस्थानातील सातवा आणि चिकित्सास्थानातील नववा अध्याय उन्मादाला वाहिलेला आहे. तेथे उन्मादाचे लक्षण सांगताना मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती म्हणजे आवडनिवड, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम सांगितला आहे. आजच्या मनोविकारतज्ज्ञाने रुग्णाची तपासणी करताना ज्या क्रमाने विचार करावा असे शिकविले जाते, त्याच्याशी ही यादी ताडून पाहण्यासारखी आहे. चरकाने उन्मादाचे पाच प्रकार मानले. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ते सहा आहेत आणि त्यांत मनोदुःखातून उद्भवणारा व विषामुळे उद्भवणारा उन्माद यांना स्वतंत्र स्थान आहे. दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी, की सन्निपातज्वरातील प्रलाप, मोह व तंद्रा यांचे वर्णन ज्वराच्या प्रकरणात येते, उन्मादाच्या नव्हे. तापात बरळणारा माणूस आणि उन्मत्त माणूस हे दोन निराळे रुग्ण होत, हा भेद तेथे निःसंशय केलेला आहे.

मराठीने हा भेद बोलीत सांभाळला. तापात असंबद्ध बडबडणाऱ्याला 'वात झाला' असे म्हणतात. त्याला कोणी 'वेड लागले' म्हणत नाही. अर्थात प्राचीन परंपरेचे उदात्तीकरण करण्याचे प्रयोजन नाही. चरकाच्या त्याच अध्यायात मित्रांनी सांत्वन करावे असे सांगितले आहे, तसेच दात काढलेल्या सर्पाने भिववावे, राजपुरुषांकडून वधाची भीती घालावी, असेही उपाय आहेत. दिलासा आणि दहशत हे दोन्ही मार्ग एकाच पानावर नांदताना दिसतात. पुढील इतिहासात या दोहोंपैकी कोणता मार्ग कोणाच्या हाती गेला, हे पाहण्यासारखे आहे.

३

१८५८ साली कंपनी सरकारचा अंमल संपून राणीचा अंमल सुरू झाला. त्याच वर्षी वेडसर व्यक्तींविषयी तीन कायदे झाले. त्यांपैकी दोन मालमत्तेच्या व्यवस्थेसंबंधी होते. तिसरा, म्हणजे १८५८ चा छत्तिसावा कायदा, वेड्यांच्या इस्पितळांसंबंधी होता. या कायद्याने मोकाट भटकणाऱ्या वेड्यांना आणि वेडामुळे धोकादायक वाटणाऱ्यांना पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करणे हे पोलिसांचे कर्तव्य ठरविले. 'भटकणारा' आणि 'धोकादायक' ही दोन विशेषणे येथून पुढे जवळजवळ शतकभर या विषयाच्या केंद्रस्थानी राहिली. ती दोन्ही रुग्णाच्या अनुभवाविषयी काही सांगत नाहीत. ती पाहणाऱ्याच्या अडचणीविषयी सांगतात.

१९१२ च्या कायद्याने ही चौकट अधिक तपशिलात बांधली. स्वेच्छेने दाखल होण्याची सोय त्यात होती, परंतु मुख्य मार्ग पोलीस आणि मॅजिस्ट्रेट यांचाच राहिला. वेडाचा संशय असलेल्या माणसाला वैद्यकीय निरीक्षणासाठी प्रथम दहा दिवसांपर्यंत आणि मुदतवाढ देऊन एकूण तीस दिवसांपर्यंत अडकवून ठेवण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला होता. या कायद्याला जोडलेला वैद्यकीय दाखल्याचा नमुना साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा आहे. त्यात डॉक्टराने दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहावयाच्या असत: वेडाची जी लक्षणे त्याने स्वतः तपासणीच्या वेळी पाहिली ती, आणि जी दुसऱ्यांनी त्याला सांगितली ती, सांगणाऱ्याच्या नावानिशी. पाहिलेले आणि ऐकलेले यांतील हा भेद पुराव्याच्या दृष्टीने चोख आहे. नातलगांनी कुभांड रचून एखाद्याला इस्पितळात डांबू नये, हा त्यामागचा हेतूही स्तुत्य होता. परंतु या नमुन्यात तिसऱ्या गोष्टीला स्वतंत्र जागा नाही. ज्याच्याविषयी दाखला आहे तो माणूस स्वतःच्या अवस्थेविषयी काय सांगतो, हे कोठे लिहावे? त्याचे बोलणे नोंदले गेलेच तर ते वेडाचे लक्षण म्हणून, पहिल्या रकान्यात. त्याचे निवेदन म्हणून नव्हे.

दाखल्याचा प्रश्न अवस्थेच्या कारणाचा नव्हताच. हा माणूस वेडा आहे की नाही, एवढेच त्याला ठरवावयाचे होते. परिणामी मेंदूज्वराने बरळणारा, दारू अचानक तुटल्याने थरथरणारा आणि खराखुरा उन्मादग्रस्त, हे तिघेही दरोग्याच्या दृष्टीने एकाच रकान्यात पडण्याचा धोका होता. वस्तुतः दारू तुटल्यानंतर येणाऱ्या या जीवघेण्या अवस्थेचे स्वतंत्र वर्णन टॉमस सटन या इंग्रज वैद्याने १८१३ सालीच केले होते. ज्ञान उपलब्ध होते. ते पहिला प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती नव्हते.

या व्यवस्थेने भारतीय भाषांनाही एक देणगी दिली. ती सुखद नाही. हिंदी भाषक चेष्टेत 'आग्र्याला' किंवा 'राँचीला' पाठवितो. मराठी माणूस 'येरवड्याला' किंवा 'ठाण्याला' पाठवितो. तमिळमध्ये 'कीळपाक्कम' आणि मलयाळममध्ये 'कुतिरवट्टम' या स्थलनामांनी तेच काम केले. एकमेकांची भाषा न समजणाऱ्या या भाषकांनी एकाच प्रकारचा वाक्प्रचार स्वतंत्रपणे घडविला, ही तुलनाकारांनी ध्यानात घ्यावी अशी गोष्ट आहे. सर्वत्र त्याचा अर्थ एकच: जेथे माणूस पाठविला जातो आणि जेथून तो परतत नाही अशी दूरची जागा. तातडीच्या अवस्थेत माणसाला मदत जवळ हवी असते; आपल्या भाषांनी मात्र तिची कल्पना गावाबाहेर केली.

४

या दूरच्या जागेला पर्याय म्हणून जवळची जागा निर्माण झाली ती १९३३ साली. कलकत्त्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजेच आजच्या आर. जी. कर महाविद्यालयात, गिरींद्रशेखर बोस यांनी सर्वसाधारण रुग्णालयाच्या आवारात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. भारतातील असा हा पहिला विभाग होय. १९३८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मसाणी यांनी तसाच विभाग उघडला. मानसिक पीडा असलेल्या माणसाला मॅजिस्ट्रेटची पायरी न चढता, पोटदुखीचा रुग्ण ज्या दाराने आत जातो त्याच दाराने आत जाता येऊ लागले. इमारतीच्या दृष्टीने ही गोष्ट किरकोळ होती. अर्थाच्या दृष्टीने मोठी होती.

बोस यांच्याकडे साहित्याच्या अभ्यासकाचे लक्ष आणखी एका कारणाने वेधले जाते. १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्थेची स्थापना करणारे आणि फ्रॉइडशी पत्रव्यवहार करणारे हे गृहस्थ बंगालीत लिहीत होते. स्वप्नांवर त्यांचे बंगाली पुस्तक आहे. त्यांचे बंधू राजशेखर बोस म्हणजे 'परशुराम' या नावाने विनोदी कथा लिहिणारे आणि 'चलंतिका' हा बंगाली शब्दकोश सिद्ध करणारे कोशकार. एका भावाने माणसांचे शब्द जमविले, दुसऱ्याने ते ऐकून घेतले. मानसोपचाराचा हा पहिला विभाग शब्दांची कदर असलेल्या घरातून आला, हा निव्वळ योगायोग असेलही. परंतु 'ऐकणे' ही उपचाराची पहिली पायरी आहे हा विचार या देशात रुजण्याची सुरुवात येथे झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरे वळण फाळणीनंतरचे आहे. भारत आणि पाकिस्तान यांच्यात मनोरुग्णांची अदलाबदल १९५० साली झाली. लाहोरच्या इस्पितळातील हिंदू व शीख रुग्ण इकडे आले, त्यांतील बहुसंख्य अमृतसरला. मंटोच्या 'टोबा टेक सिंग' या कथेमुळे हा प्रसंग उपखंडाच्या साहित्यस्मृतीत कायमचा कोरला गेला. मंटो स्वतः मद्यासक्तीवरील उपचारासाठी लाहोरच्या इस्पितळात राहिलेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कथेतील इस्पितळ ही केवळ रूपकाची जागा राहत नाही. कथेची चर्चा फाळणीचे रूपक म्हणून पुष्कळ झाली आहे. त्या मानाने कमी बोलले जाते ते त्याच अमृतसरच्या इस्पितळात पुढे काय घडले याविषयी. १९५० च्या दशकात तेथील अधीक्षक विद्यासागर यांनी इस्पितळाच्या आवारात तंबू उभारले आणि रुग्णांच्या नातलगांना रुग्णासोबत तेथे राहू दिले. नातलग म्हणजे केवळ तक्रारदार किंवा दाखल्याच्या दुसऱ्या रकान्यातील साक्षीदार, ही कल्पना तेथे मोडली. तो उपचारातील सहकारी झाला. आजही भारतीय रुग्णालयात तीव्र अवस्थेतील रुग्णाजवळ रात्रभर बसते ती बहुधा आई, पत्नी किंवा भाऊ. आणि 'परवापर्यंत ठीक होता' हे निर्णायक वाक्य डॉक्टरला ऐकू येते ते त्यांच्याच तोंडून.

५

औषधांचा इतिहास येथे थोडक्यात पाहणे पुरेसे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत खवळलेल्या रुग्णाला आवरण्याचे साधन म्हणजे दोर, कोठडी आणि माणसांचे बळ. १८६९ पासून क्लोरल हायड्रेट आणि १८८२ पासून पॅराल्डिहाइड ही झोप आणणारी औषधे वापरात आली. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा या भारतीय वनस्पतीचा उन्माद आणि उच्च रक्तदाब यांवरील उपयोग वैद्यकीय नियतकालिकात मांडला. तिच्यापासून वेगळे काढलेले रेसर्पिन पुढे १९५० च्या दशकात पाश्चात्त्य मनोरुग्णालयांत पोहोचले. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिनचा आणि १९५८ मध्ये बेल्जियममध्ये हॅलोपेरिडॉलचा उदय झाला. रुग्णाला शुद्धीवर ठेवून शांत करणे प्रथमच शक्य झाले. शुद्धीवर असलेला रुग्ण बोलू शकतो, हे या औषधांचे खरे महत्त्व होय.

या टप्प्यावर भारताने जगाला जे दिले त्याची नोंद मराठी लेखनात सहसा आढळत नाही. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी २००४ मध्ये हिंसक वा प्रक्षुब्ध अवस्थेत तातडीने आणलेल्या २०० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. एका गटाला लोराझेपामचे आणि दुसऱ्या गटाला हॅलोपेरिडॉल व प्रोमेथाझिन या जोडीचे इंजेक्शन देण्यात आले. दोन्ही उपाय गुणकारी ठरले. जोडीचा परिणाम अधिक लवकर झाला. २००७ मध्ये त्याच संस्थेने ३०० रुग्णांवर या जोडीची ओलान्झापिनशी तुलना केली, तेव्हा जोडी दिलेल्या रुग्णांना पुढील चार तासांत पुन्हा औषध देण्याची गरज कमी पडली. ही औषधे स्वस्त, जुनी आणि तालुक्याच्या रुग्णालयातही मिळण्यासारखी आहेत. प्रक्षुब्ध माणसाला काय द्यावे याचा निर्णय तोवर सवयीने होत असे. तो पुराव्याने करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर ब्राझीलमध्ये आणि आपल्याकडे वेल्लोरमध्ये झाले, ही गोष्ट साधी नव्हे.

मात्र इंजेक्शन हे पहिले पाऊल नव्हे, हे आज सर्वमान्य आहे. प्रथम सुरक्षित जागा; मग एकाच व्यक्तीने, हलक्या आवाजात, रुग्णाच्या नावाने हाक मारून बोलणे; त्याच वेळी नाडी, तापमान, रक्तदाब, श्वास आणि रक्तातील साखर पाहणे; मग औषध; आणि बांधून ठेवणे अगदी अखेरीस, अल्पकाळ, सतत देखरेखीखाली. वय उतरणीला लागल्यावर प्रथमच आलेला, काही तासांत वा दिवसांत उद्भवलेला, क्षणात शुद्ध तर क्षणात भान हरपलेले अशी चढउतार दाखविणारा आणि नसलेल्या वस्तू डोळ्यांना दिसणारा 'वेडेपणा' हा बहुधा शरीराचा आजार असतो. वैद्यक त्याला 'डिलिरियम' म्हणते. जंतुसंसर्ग, साखर वा सोडियम घटणे, डोक्याला मार, दारू तुटणे, एखादे औषधच बाधणे, अशी त्याची कारणे असतात. अशा रुग्णाला 'मानसिक' म्हणून बाजूला सारणे म्हणजे मूळ आजाराला मोकळीक देणे. संहितेतील ज्वराचा प्रलाप आणि उन्माद यांतील भेद येथे पुन्हा, वेगळ्या आधारावर, उभा राहतो.

६

आत्महत्येचा प्रयत्न करून आलेल्या रुग्णाच्या बाबतीत पहिला प्रश्न कोणाचा, हा वाद सर्वाधिक काळ चालला. भारतीय दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमाने असा प्रयत्न हा गुन्हा ठरविला होता. त्यामुळे अपघात विभागात विषबाधेचा रुग्ण आला की त्याच्या खाटेभोवती डॉक्टराबरोबर पोलीसही उभा राही. आणि नातलग 'चुकून पोटात गेले' असे सांगत. त्यांना खोटे बोलावेसे वाटे असे नाही, खरे बोलणे परवडत नसे. येथेही भाषेची एक गंमत, की शोकांतिका, आहे. ग्रामीण मराठीत पिकावर फवारावयाच्या कीटकनाशकाला 'औषध' म्हणतात. 'त्यानं औषध घेतलं' या वाक्याचा अर्थ घरच्या माणसांना ताबडतोब कळतो, शहरी कानाला कळेलच असे नाही. हिंदी प्रदेशात 'दवाई पी ली' आणि तमिळमध्ये 'मरुंदु कुडिच्चान' हे प्रयोग त्याच अर्थाने होतात. जीव वाचविणाऱ्या आणि जीव घेणाऱ्या वस्तूला शेतीने एकच नाव दिले. अपघात विभागातील डॉक्टराला हा श्लेष ठाऊक असावा लागतो.

१९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ३०९ वे कलम घटनाबाह्य ठरविले. ते प्रकरण मुंबईच्याच एका पोलीस शिपायाचे होते. रस्त्यावरील अपघातानंतर त्याला मानसिक आजार जडला होता. ज्या खात्याने शतकभर इतरांच्या वेडाचा पहिला निवाडा केला, त्याच खात्यातील एक माणूस आरोपी म्हणून पुढे आला आणि कायदा स्वतःकडे पाहू लागला. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तोच मार्ग धरला, परंतु १९९६ मध्ये घटनापीठाने कलम वैध ठरवून तो निर्णय फिरविला. मधल्या काळात दोन निर्णय या विषयाला निराळ्या बाजूने स्पर्श करून गेले. तातडीच्या रुग्णावर पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टराचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सांगितले. आणि पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर १९९३ मध्ये, कोणताही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदा असल्याचे म्हटले. १८५८ ची चौकट १९९३ पर्यंत किती घट्ट होती, हे या दुसऱ्या निर्णयाची गरज पडली यावरूनच दिसते. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा अमलात आला तोही त्याच १९९३ साली, एप्रिलमध्ये.

२००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी निवासाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण मरण पावले. त्यांना तेथे आणणारे बहुतेक नातलग दुष्ट नव्हते. जवळचे दार त्यांना ठाऊक नव्हते किंवा ते उघडे नव्हते.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, जो २०१८ मध्ये अमलात आला, या साऱ्या इतिहासाचे उत्तर म्हणून वाचता येतो. त्याच्या ९४ व्या कलमानुसार तातडीच्या अवस्थेत कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, मनोविकारतज्ज्ञ नसला तरी, बहात्तर तासांपर्यंत उपचार करू शकतो. रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याची संमती घ्यावयाची असते. ११५ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावयास सांगितले. साखळीने बांधण्यास आणि एकांतवासात डांबण्यास कायद्याने मनाई केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत ३०९ व्या कलमासारखी सर्वसाधारण तरतूदच नाही. सरकारी सेवकावर दडपण आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरते एक कलम उरले आहे. पहिला प्रश्न विचारण्याचा अधिकार कायद्याने तरी दरोग्याकडून डॉक्टराकडे आला आहे.

तो प्रश्न विचारल्याने काय साधते, याचा पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने चेन्नई, कोलंबो, ब्राझीलमधील कँपिनास, इराणमधील कराज आणि चीनमधील युनचेंग येथील तातडीच्या विभागांत आत्महत्येच्या प्रयत्नानंतर आलेल्या १,८६७ जणांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाशी त्याशिवाय सुमारे तासभर बोलणे झाले आणि पुढील अठरा महिन्यांत नऊ वेळा त्यांची विचारपूस करण्यात आली. आत्महत्येने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण पहिल्या गटात २.२ टक्के होते, दुसऱ्या गटात ०.२ टक्के. तासभराचे बोलणे आणि नऊ वेळा 'कसे आहात?' एवढ्याच सामग्रीने हा फरक पडला.

७

कायदा बदलला, औषधे आली, पुरावाही आला. तरी वाचनाची अडचण संपत नाही, हे एका अनुभवाने मला शिकविले. काही वर्षांपूर्वी उत्तर भारतातील एका शहरात अध्यापनासाठी राहत असताना एका मराठी कुटुंबाने मला रुग्णालयात दुभाषा म्हणून बोलावून घेतले. घरातील पंचाहत्तरीच्या आजी आदल्या दिवसापासून असंबद्ध बोलत होत्या, रात्री ओरडत होत्या. सुनेने हिंदीत डॉक्टरांना सांगितले होते, की मांजींना वात झाला आहे. मराठीत हे निदान अचूक होते. हिंदीत मात्र 'वात' म्हणजे सांधेदुखी किंवा पोटातील वायू. तरुण डॉक्टरांनी तशी नोंद केली आणि ओरडण्यासाठी मनोविकार विभागाकडे चिठ्ठी लिहून दिली. तेथे आजी कित्येक तास बाकावर पडून होत्या. रात्री आलेल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी माझ्यामार्फत एवढेच विचारले, "हे कधीपासून?" सून म्हणाली, "परवापर्यंत स्वतः देवपूजा करत होत्या हो!" रक्त तपासले तेव्हा सोडियम फार खाली गेलेले आढळले, रक्तदाबाची नवी गोळी त्याला कारण होती.

तिसऱ्या दिवशी आजी शुद्धीवर आल्या आणि म्हणाल्या, "आता जीव नकोसा झालाय." डॉक्टरांनी मला भाषांतर विचारले. मी अडलो. मराठीत उकाड्यानेही जीव नकोसा होतो आणि खरोखर मरावेसे वाटणाऱ्यालाही तो नकोसाच होतो. डॉक्टर म्हणाले, "अंदाज करू नका. सरळ विचारा. विचारल्याने कोणाच्या मनात नवा विचार रुजत नाही." मी संकोचाने विचारले, "आजी, मरावंसं वाटतं का तुम्हाला?" आजी हसल्या. "नाही हो मास्तर, मरायचं कशाला? ही हातातली सुई नकोशी झालीय."

या प्रसंगात कोणी दुष्ट नव्हते, कोणी अडाणी नव्हते. दोन भगिनीभाषांतील एका समान शब्दाने एका वृद्धेचे काही तास हिरावून घेतले. अशा जोडशब्दांची आपण भाषाविज्ञानाच्या वर्गात उदाहरणे देतो. अपघात विभागात ती उदाहरणे राहत नाहीत.

८

समारोपादाखल एवढेच म्हणता येईल. १९१२ च्या दाखल्यात दोन रकाने होते: पाहिलेले आणि ऐकलेले. पुढील शंभर वर्षांत झालेली प्रत्येक खरी सुधारणा, मग ती कलकत्त्याच्या विभागाची असो, अमृतसरच्या तंबूंची असो की चेन्नईतील तासभराच्या संभाषणाची, या नमुन्यात एक तिसरा रकाना जोडण्याचा प्रयत्न होती: रुग्णाचे स्वतःचे निवेदन, त्याच्या शब्दांत. हा रकाना भरण्यासाठी वैद्यकाला भाषेची गरज आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेली 'टेली-मानस' ही दूरध्वनीसेवा अनेक भारतीय भाषांतून बोलते, हे त्या दिशेचे एक पाऊल आहे. परंतु अपघात विभागाच्या दारात उभ्या असलेल्या परप्रांतीय मजुराला, सुरक्षारक्षकाला किंवा वृद्धेला तिच्या भाषेतील 'वात', 'औषध' आणि 'जीव नकोसा' यांचा अर्थ समजणारा माणूस त्या क्षणी तेथेच हवा असतो.

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकांनी भारतीय भाषांतील पीडावाचक शब्दांचा असा तौलनिक संग्रह केला, आणि तो ग्रंथालयात न ठेवता डॉक्टरांच्या व परिचारिकांच्या हाती दिला, तर आपल्या विद्याशाखेचा एक उपयोग सिद्ध होईल. शब्द कोठून आला हे आपण पुष्कळ शोधले. तो रात्री दोन वाजता, परक्या शहरात, कोणाला कसा ऐकू येतो, हेही आता पाहावयास हवे.